भिंग बदललं की ओळ बदलायची

डॉक्टर हे डॉक्टर नव्हते. चष्म्याचं दुकान, अंगात पांढरा कोट आणि खिशात छोटी बॅटरी एवढ्या भांडवलावर लोकांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. सुरुवातीची काही वर्षं ते गिऱ्हाइकांची ही चूक दुरुस्त करत. पुढे कंटाळून सोडून दिलं. अलीकडे तर कोणी नुसतं 'अहो' म्हणून हाक मारली तर त्यांना ऐकू येत नसे.

दुकान त्यांच्या सासऱ्यांचं, म्हणजे आता त्यांच्या बायकोचं. दुकानात सगळे तिला बाई म्हणत. पुढे काचेच्या कपाटात फ्रेम मांडलेल्या, मागे बाईंची खोली. तिथे काच घासायचं यंत्र, त्यावर सतत ठिबकणारं पाणी आणि बाईंच्या नखांत कायमची बसलेली पांढरी भुकटी. या दोहोंच्या मधे नंबर तपासायची अंधारी, चिंचोळी खोली. खोली इतकी आखूड की समोरच्या भिंतीवर अक्षरं लावली तर आंधळ्यालाही दिसतील. म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगला होता आणि समोर आरसा. अक्षरं उलटी छापलेली, आरशात सुलटी दिसायची. तक्ता म्हणजे चार बाजूंची दिव्याची पेटी होती. दोरी ओढली की ती फिरायची आणि नवीन ओळी समोर यायच्या.

त्या दोरीवरच डॉक्टरांचा संसार उभा राहिला होता. तरुणपणी ते या दुकानात नोकरीला लागले तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. "भिंग बदललं की ओळ बदलायची. नाहीतर माणूस डोळ्यांनी वाचत नाही, डोक्यानं वाचतो. पहिल्या भिंगाला अडखळेल, दुसऱ्याला कमी अडखळेल, तिसऱ्याला घडाघडा म्हणून दाखवेल आणि तुला वाटेल, वा, काय नंबर काढला!" एकदा एक सरकारी साहेब आले. त्यांनी शेवटची ओळ अशी म्हटली की ऐकत राहावं. पोरगेल्या डॉक्टरांनी काही न बोलता दोरी ओढली. साहेबांनी तीच ओळ पुन्हा तितक्याच झोकात म्हटली. मागच्या खोलीत सासरे हसून हसून खाली बसले आणि त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला विचारलं, "हा कसा वाटतो?" बाईंना तो हात आवडला होता, शांतपणे दोरी ओढणारा. त्यांनी हो म्हटलं.

तो हात आता दिवसभर वेगळ्याच कामात होता. डॉक्टरांना परकीय चलनाच्या व्यापाराचं वेड लागलं होतं.

वेड लावलं ते एका 'सरां'नी. हे सर कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ते फोनमध्ये राहत. तिथून ते युरो, डॉलर, येन यांच्याविषयी असं बोलत की जणू ती त्यांच्या चुलतभावाची मुलं आहेत. डॉक्टरांनी त्यांचा कोर्स घेतला. कोर्सबरोबर जाड कार्डांचा एक गठ्ठा आला. प्रत्येक कार्डावर जुन्या भावांचा एकेक आलेख, वरखाली जाणारी रेघ. आलेखाची उजवी बाजू झाकायची, डावी बघून पुढे भाव चढेल की पडेल ते सिस्टीमच्या नियमानं सांगायचं आणि मग झाकण काढून पडताळायचं. झाकायला डॉक्टरांकडे साधन तयारच होतं. गिऱ्हाइकाचा एक डोळा झाकायचा तो काळा चमचा.

आणि सिस्टीम तरी किती! आधी दोन रेघांची: एक रेघ दुसरीला कापून वर गेली की घ्यायचं, खाली गेली की विकायचं. ती चार महिने चालली. मग मेणबत्त्यांची आली, म्हणजे मेणबत्तीसारख्या उभ्या ठोकळ्यांत मांडलेल्या भावांची, मग टेकूची आणि छताची, म्हणजे भाव खाली कुठे टेकेल आणि वर कुठे अडेल त्याची, मग तीनही एकत्र कालवून केलेली. ज्या गिऱ्हाइकाला फ्रेम निवडायला तास लागतो त्याच्याविषयी डॉक्टर आत येऊन बाईंना म्हणायचे, "अगं, नाक एकच आहे त्याला, किती फ्रेम घालून बघतोय!" आणि स्वतः दर ऋतूला नव्या सिस्टीमसमोर नाक घेऊन उभे.

खरा सौदा मात्र त्यांनी एकही केला नव्हता. "सिस्टीम नक्की झाल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, सर सांगतात." यावर बाई काच घासत राहत. गादीवर हातपाय मारून पोहायला शिकणारा नवरा निदान बुडत तरी नाही, एवढं समाधान त्यांना होतं. शेजारच्या औषधवाल्याला मात्र डॉक्टर रोज अर्धा तास ज्ञान पाजत. मोह कसा आवरावा, तोटा कुठे तोडावा, घाबरलेला माणूस बाजारात कसा मरतो. औषधवाला मान डोलावत ऐके, कारण त्याची नजर दुसरीकडे होती. त्याला त्याचं दुकान वाढवायचं होतं आणि मधली भिंत पाडायची होती.

एके दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत आले. यंत्र चालू असताना तिथे कोणी बोलत नाही, हा नियम मोडून बोलले.

"सिस्टीम मिळाली."

बाईंनी यंत्र बंद केलं. "कुठली?"

"हीच, शेवटची. पहिल्या सिस्टीमला दहात पाच बरोबर यायचे. दुसरीला सहा. मग सात. ही नऊ देते, नऊ! प्रत्येक सिस्टीमबरोबर निकाल सुधारत गेलाय बघ. म्हणजे मी शिकतोय. आता फक्त भांडवल पाहिजे. सर म्हणतात, माणसं बुडतात ती लहान भांडवलामुळे."

"मग?"

"औषधवाला दुकान घ्यायला तयार आहे. भाव चांगला देतोय. शनिवारी कागद घेऊन येईल." मग जरा चाचरत, "तुझी सही लागेल."

लागणारच होती, दुकान तिच्या नावावर होतं. बाई हातातली काच उजेडात धरून बघत राहिल्या. काचेत बघण्यासारखं काही नव्हतं.  या खोलीत त्यांच्या बापानं त्यांना पहिली काच घासायला दिली होती. ती त्यांनी फोडली होती आणि बाप म्हणाला होता, फुटली तर फुटली, दुसरी घे. हे सगळं विकून एक माणूस घरी बसून रेघा बघणार होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते असं. फक्त इथे तुरीही बाजारात नव्हत्या, त्या सरांच्या फोनमध्ये होत्या.

"बघू," त्या म्हणाल्या.

"बघू काय त्यात? हातच्या कांकणाला आरसा कशाला? निकाल समोर आहे."

शुक्रवारी ड्रायव्हरमामा आले. हे बसचे ड्रायव्हर. त्यांच्या खात्याला दर वर्षी नजरेचा दाखला लागे आणि तो देणारं जवळचं दुकान हेच. मामा बाकावर बसून वाट बघत होते. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं, आत आधीचं गिऱ्हाईक ओळी मोठ्यानं वाचत होतं आणि मामांचे ओठ हलत होते. बाईंना वाटलं, जप करत असतील. मग डॉक्टरांनी बोलावलं. त्यांचं अर्धं लक्ष काउंटरवरच्या कार्डांत होतं. कपाळावर आठ्या आणि डोक्यात येन. मामांच्या नाकावर त्यांनी तपासायची जड फ्रेम चढवली आणि त्यात भिंगं घालू-काढू लागले.

"हे बरं, की हे?"

मामांनी ओळ वाचली, दोन अक्षरं चुकली. भिंग बदललं. तीच ओळ, एकच अक्षर चुकलं. पुन्हा भिंग बदललं. तीच ओळ, आणि मामांनी घडाघडा म्हटली.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "मामा, नजर तर तुमची पोरासारखी आहे. नाममात्र नंबर लागेल." आणि दाखल्यावर शिक्का उमटवला.

बाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की दोरी जागची हलली नव्हती. त्यांना आधी नीटसं कळेना की आपल्याला इतका राग कशाचा आला आहे. त्या पुढे आल्या, नवऱ्याच्या अंगावरून हात लांबवून दोरी ओढली. पेटी फिरली.

"मामा, आता वाचा."

मामांनी जुनीच ओळ म्हणायला सुरुवात केली. मग आरशातल्या अक्षरांचा घोळका काही वेगळाच दिसतोय असं लक्षात येऊन ते थांबले. खूप वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"दिवा मंद आहे तुमचा," ते म्हणाले. "आणि रस्त्यावर काय अशी सुटी अक्षरं असतात का, बाई? रस्त्यावर पाट्या असतात."

"मामा, गाडीत माणसं असतात," बाई म्हणाल्या आणि तो दाखला त्यांनी तिथेच फाडला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पुन्हा तपासा. नीट." आवाज चढवला नव्हता, तरी औषधवाल्यानं त्याच्या दुकानातून मान बाहेर काढली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, या वेळी दर भिंगाला दोरी ओढून. जाडजूड नंबर निघाला. चष्मा तयार झाला की तो लावून दाखला न्यायचा, असं ठरलं. मामा गेल्यावर डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले, "लक्ष नव्हतं माझं. पण मामांची कमाल आहे की नाही? पाठ करून वाचतात आणि वर दिव्याला नावं ठेवतात! नाचता येईना आणि अंगण वाकडं."

हे म्हणता म्हणता त्यांनी काउंटरवरचं पुढचं कार्ड उचललं, काळ्या चमच्यानं उजवी बाजू झाकली, पुटपुटले, "चढणार," चमचा काढला. रेघ चढलेली होती. डॉक्टर खूश झाले.

बाई बघत राहिल्या. तीच कार्डं. पहिल्या सिस्टीमला तीच, दुसरीला तीच, या नऊवालीलाही तीच. कोपरे हाताळून हाताळून गोल झाले होते, एकावर चहाचा डाग होता. भिंग बदलत गेलं आणि ओळ तीच राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! साहेबाला पकडणारा, बापानं पारखून घेतलेला हा माणूस स्वतःच्या डोळ्यांपुढे स्वतःला फसवत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. लबाडी असती तर बाईंना इतकं लागलं नसतं. लबाडाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. त्यांना त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

शनिवारी औषधवाला कागद घेऊन यायच्या आधी बाई म्हणाल्या, "मी सही करते. पण माझ्यासमोर परीक्षा द्यायची. दहात सात बरोबर आले तरी चालतील."

"सात?" डॉक्टर हसले. "तू नऊ धर."

"एक सांगा आधी. तुमचे नियम चढायला आणि पडायला सारखेच ना?"

डॉक्टरांना शिकवायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळे. "अगदी सारखे. तीच तर या धंद्यातली गंमत आहे. चलन कधी एकटं नसतं, जोडीनं असतं. युरो डॉलरपेक्षा चढला म्हणजे डॉलर युरोपेक्षा पडला. आलेख वरचा खाली केला की दुसऱ्या बाजूचा आलेख झाला. खरी सिस्टीम दोन्हीकडून चालते. एकाच बाजूनं चालते ती सिस्टीम नव्हे, नशीब."

"सरांनी सांगितलं?"

"सरांनी सांगितलं. पण मलाही पटलेलं आहे."

"मग बसा."

त्यांनी नवऱ्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. दिव्याची पेटी विझवली, टेबलावरचा दिवा लावला, स्वतः खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या आणि कार्डं त्याच्या डोक्यावर धरू लागल्या. आरशातून बघायचं होतं. आरशात डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. म्हणून बाईंनी प्रत्येक कार्ड खालचं वर करून धरलं. तसं धरलं की आरसा डावं-उजवं पुन्हा जागच्या जागी आणतो आणि फक्त चढ-उतार उलटे राहतात. चाळीस वर्षं आरशासमोर आणि भिंगांत काढलेल्या बाईला हे हिशेब करावे लागत नाहीत. दिवस डावीकडून उजवीकडेच जात होते. फक्त युरोच्या जागी डॉलर आणि डॉलरच्या जागी युरो बसला होता. शेवटचा भाग त्यांनी काळ्या चमच्यानं झाकला. कडेची छापील अक्षरं तेवढी त्यांच्या अंगठ्याखाली गेली.

"बोला."

"पडणार," डॉक्टर म्हणाले. चमचा निघाला. रेघ चढली होती.

"होतं एखादं. पुढचं."

पुढचंही चुकलं. तिसऱ्याला त्यांनी फार वेळ घेतला. नियम मोठ्यानं म्हणून बघितले: ही रेघ हिला कापते, म्हणून हे, पण मेणबत्ती अशी आहे, म्हणून ते. बरोबर आलं. चौथं चुकलं. पाचवं चुकलं. नियम कुठेतरी होते, पण डॉक्टर आजवर नियमांनी वाचतच नव्हते, त्यामुळे नियम हाताशी लागेनात. दहा संपली तेव्हा बरोबर आली होती तीन. नाणं उडवलं असतं तर त्याहून बरं जमलं असतं.

खुर्चीत डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता.

"हा सेट वेगळा आहे," ते म्हणाले. "ही कार्डं कुठून आणलीस तू?"

"तुमचेच आहेत." बाईंनी चहाचा डाग त्यांच्या पुढ्यात धरला. "वरचं खाली केलं फक्त. जोडीतलं दुसरं चलन."

डॉक्टरांनी डागाकडे पाहिलं, मग आरशाकडे.  आता कळेल, असं बाईंना वाटलं. त्यांना मनापासून वाटलं की हा माणूस आता हसेल, त्यांच्या बापासारखा हसून हसून खाली बसेल आणि म्हणेल, मेलो, मी ओळच बदलली नाही. तो हसला असता तर त्यांनी त्याला सगळं माफ केलं असतं.

"आरसा जुना झालाय हा," डॉक्टर म्हणाले. "पारा उडालाय. यात रेघ नीट दिसतच नाही."

बाईंनी कार्डं खाली ठेवली. बाहेर औषधवाला कागद घेऊन आला होता. त्यांनी त्याला उभ्या उभ्याच सांगितलं की भिंत पाडायची नाही. त्यानं आत डोकावून डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खुर्चीतून उठले नव्हते. औषधवाला कागद घडी करून निघून गेला. त्या दिवसापासून चलनाचं ज्ञान ऐकायला त्याला कधी फुरसत झाली नाही.

दुकान वाचलं. नवऱ्याचं काही सांगता येत नव्हतं.  दोन-तीन दिवस त्यानं गिऱ्हाइकं नीट तपासली, दोरी वेळच्या वेळी ओढली. कार्डांचा गठ्ठा खणात गेला. बाईंना वाटलं, ओसरला ताप. चौथ्या दिवशी त्या काच घासून पुढे आल्या तर मधल्या खोलीत दिवा. डॉक्टर आरशाकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. एका हातानं कार्ड डोक्यावर उलटं धरलेलं, दुसऱ्या हातात काळा चमचा. ओठ हलत होते.

"काय करताय?"

"उलटी बाजू कच्ची होती माझी, बरोबर दाखवलंस तू," ते म्हणाले. आवाजात खोटेपणा नव्हता, उलट कृतज्ञता होती. "आता दोन्ही बाजू पक्क्या करतोय. सरांनाही कळवलंय, ते म्हणाले, हा अगदी पुढच्या पातळीचा विचार आहे."

पालथ्या घड्यावर पाणी! त्यानंतर रोज दुपारी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, डॉक्टर आरशासमोर. पहिल्या आठवड्यात दहात चार यायला लागले. मग पाच. निकाल सुधारतोय, हे ते बाईंना जेवताना सांगत. बाई भाजी वाढत.

ड्रायव्हरमामांचा चष्मा तयार झाला तेव्हा मामा दुपारी आले. बाईंनी काडी जरा वाकवून, कानामागे बसवून, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मामा कपाटातल्या फ्रेम बघू लागले, भिंतीवरचं घड्याळ, दारावरची पाटी, पाटीखालची बारीक अक्षरं. सगळं त्यांनी मोठ्यानं वाचून काढलं, शाळेत नव्यानं वाचायला शिकलेल्या मुलासारखं. मग त्यांची नजर किलकिल्या दारातून आत गेली. आत डॉक्टर कार्ड डोक्यावर धरून बसले होते.

"पडणार," आतून आवाज आला. चमचा खाली आला. "बरोबर! दहात आठ!" लगेच दुसरं कार्ड. "चढणार."

मामा बराच वेळ बघत होते. डॉक्टरांचे ओठ हलत होते ते त्यांनी नीट पाहिले. मग बाईंकडे वळून, दुसऱ्याच्या घरातली दुखणी जशी हळू आवाजात विचारतात तशा आवाजात म्हणाले,

"बाई, राग मानू नका. पण डॉक्टरांना दिसत नाहीये. मला कळतं ते. मी पण असाच वाचायचो."